सात मैल तार आणि एक भोंगा

पूर्णेच्या काठी हौसेनं कोणी जात नाही. मोठं देऊळ नाही, डोंगर नाही, विहिरींचं पाणी खारट, आणि वैशाखात तर नदीत नदीच नसते. तरी सांगते, माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा प्रवास तोच. पुढे काशी झाली, रामेश्वर झालं, नातवानं हट्टानं विमानातही बसवलं. पण त्या चार दिवसांत जेवढी हसले आणि जेवढी फजिती करून घेतली, तेवढी नंतर जमली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी एकवीस वर्षांची होते, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि मला सगळं येत होतं. आता म्हातारी झाले आणि फार थोडं येतं, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. आदल्या पावसाळ्यात भोकरी नावाच्या गावातली नदीकाठची आळी पुरात गेली होती. भोकरी अकोला जिल्ह्यात. तिच्या वर सात मैलांवर सोनखेड, ते आमच्या अमरावती जिल्ह्यात. सोनखेडला पाणी चढलेलं दिसलं की दोन-अडीच तासांनी ते भोकरीत शिरायचं. पण खबर जायची सरकारी रस्त्यानं. सोनखेडहून तालुक्याला, तिथून अमरावतीला, अमरावतीहून तारेनं अकोल्याला, अकोल्याहून तालुक्याला, आणि मग कोतवाल पायी भोकरीला. तोवर पाणी भोकरीत येऊन, जेवून, हात धुऊन परत गेलेलं असायचं.

म्हणून अमरावतीच्या काही मंडळींनी लष्करानं मोडीत काढलेले दोन हातटेलिफोन आणि तारेची रिळं मिळवली. अकोल्याच्या मंडळींनी बॅटऱ्या, बांबू आणि हातानं फिरवायचा एक भोंगा दिला. सोनखेड आणि भोकरी सरळ तारेनं जोडायचे, मध्ये कोणी साहेब नाही, असा बेत. दोन जिल्ह्यांनी मिळून काही करायचं म्हणजे दोन जावांनी एका चुलीवर पुरण शिजवायचं, पण शिजलं. फक्त एक अट होती. चौथ्या दिवशी दोन्हीकडचे साहेब चाचणी घेणार. खबर मिळाल्यापासून अर्ध्या तासात भोकरीची आळी उंचावरच्या जुन्या गढीवर पोचली तर तार राहणार. नाही पोचली तर ती गुंडाळून दुसऱ्या कुठल्या नदीवर जाणार. मागणारे पुष्कळ होते.

तार जोडायला बापूमामा निघाले. आईचे थोरले भाऊ, तारखात्यातून निवृत्त झालेले, अंगानं गोल आणि बोलायला त्याहून गोल. अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या घरी वडील वकील, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला हरकत. पण मामांनी सांगितलं, "पोरगी शिकलेली हाय, शिकवायले कामी पडंन." मी जाळीची छत्री घेतली, काळा चष्मा घेतला, मनगटी घड्याळ घेतलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलेली 'संदेश-शिस्त' घेतली. तिच्यात बारा नियम होते. पहिला नियम: केवळ कामाचे बोलावे.

अकोला

बडनेऱ्याहून आम्ही आधी अकोल्याला गेलो, भोंगा ताब्यात घ्यायला. भोंगा म्हणजे घागरीएवढं लोखंडी प्रकरण. खाली तीन पाय, बाजूला मूठ. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन आम्ही मूर्तिजापूरच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो. मामा पेरू शोधायला गेले. वैशाखात पेरू नसतो हे त्यांना माहीत होतं, पण शोधायला त्यांना आवडायचं.

शेजारी एक बाई बोचकं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी भोंग्याकडे चारी बाजूंनी पाहिलं.

"काय वं बाई, शेवया पाडाची मशीन हाय का?"

मला राग आला. विज्ञानाच्या साधनाला शेवयांचं यंत्र म्हणणं मला सहन होईना. मी म्हटलं, "हे आपत्तीची सूचना देण्याचं यंत्र आहे."

"मंग शेवया कुठून निंगतात?"

आता शहाण्या मुलीनं काय करावं? गप्प बसावं. मी मूठ धरली आणि गरकन फिरवली. भोंगा आधी कण्हला, मग रडला, मग असा बोंबलला की सगळं स्टेशन उभं राहिलं. एका हमालानं डोक्यावरची ट्रंक खाली टाकली. कुत्री पळाली. आणि दोन माणसं, बिचारी बाकावर डुलक्या घेत होती, ती उठली, डबे उचलले आणि डोळे चोळत गिरणीच्या दिशेनं चालू लागली. जन्मभर भोंगा ऐकला की कामावर, हेच पायांना माहीत.

मामा धावत आले. "कुसे, काय केलं तू?"

"प्रात्यक्षिक."

त्या बाई मात्र खूश होत्या. "चांगली हाय मशीन," म्हणाल्या. "शेवया नायी पडत, पन सासू उठंन."

भोकरी

मूर्तिजापूरहून बैलगाडी. दोन्ही बाजूंना काळी जमीन, उन्हानं तडकलेली. भेगा अशा की हात घालावा तर खांद्यापर्यंत जावा. मी वाटेत उतरून एका भेगेची खोली मोजायला वाकले आणि माझं फाउंटन पेन वहीतून सुटून आत गेलं. बी.एस्सी. झाल्याबद्दल वडिलांनी दिलेलं. मी रडवेली होऊन भेगेत पाहत बसले. मामा गाडीतूनच म्हणाले, "राहू दे. पावसाळ्यात उगवंन."

भोकरीत पोचलो तेव्हा पाटलांच्या ओसरीवर अर्धं गाव जमलं होतं. आमच्या राजापेठेत पाहुण्याला विचारतात, चहा घेता का? आणि पाहुणा नको म्हणतो, मग पुन्हा विचारतात. भोकरीत विचारत नाहीत. बशी हातात येते. मी घोट घेतला आणि डोळे मोठे झाले. चहा खारट! मला वाटलं कोणी साखरेऐवजी मीठ टाकलं. नंतर कळलं, तिथलं पाणीच तसं. त्या पट्ट्यात डाळही शिजायला दिवसभर मागते. मी सभ्यपणे म्हटलं, "छान आहे." लगेच दुसरी बशी आली. खोटं बोलण्याची शिक्षा इतकी ताबडतोब मला पुन्हा कधी मिळाली नाही.

सीताबाई मला तिथंच भेटली. पस्तिशीची, उंच, पदर कपाळापर्यंत. ओसरीखाली अंगणात उभी होती. म्हणाली, "माह्यं घर पाहाले चल." घर आळीच्या टोकाला. तीन भिंती मातीच्या आणि चौथ्या बाजूला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कूड.

"ही भिंत?" मी विचारलं.

"पुरानं नेली."

"मग पुन्हा का नाही घातली?"

"घालून काय करू? पान्याले पुन्हा पाडाची मेहनत."

तिची सासू बाजेवर बसून बिब्बे फोडत होती. दात नव्हते, पण बोलण्याला धार होती. "मागल्या साली मले या बाजीवर घालून चौघांनी गढीवर नेलं वं बाई. पानी मांगं, मी पुढं. जित्तेपनी चार खांदे भेटले मले! आता मरताना नायी भेटले तरी चालते."

सीताबाई हसली, मग हसता हसता थांबली. "आत्याबाईले उचललं, पोरं उचलली. बैलं दाव्याले होती. सोडाले कोनी पोचलं नायी. दोन घंटे पयले कळलं असतं तं दोन्ही बैलं आज अंगनात असती." तिनं माझ्या हातातल्या टेलिफोनच्या चामडी पेटीवर हात ठेवला. "हे राह्यलं पाह्यजे, बाई. काई कर, पन हे अथी राह्यलं पाह्यजे."

मी तिला सांगितलं, काळजी करू नका, माझ्याजवळ नियम आहेत.

टेलिफोन कुठं बसवायचा यावर ती एकच वाक्य बोलली. "पाटलाच्या ओसरीवर ठेवसान तं आमी सुना तथी चढत नायी." नियम चौथा: साधन जबाबदार व्यक्तीकडे असावे. गावात जबाबदार कोण? पाटील. त्यांनी मिशीला पीळ भरला आणि पेटी आपल्या तक्क्याशेजारी ठेवून घेतली. सीताबाई काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं असावं. तरुणपणी समोरचा गप्प बसला की पटलं असंच वाटतं.

सोनखेड

तिसऱ्या दिवशी पहाटे तारेखालून आम्ही सोनखेडला निघालो. दोन्ही गावांनी बांबू आधीच उभे केले होते, मध्ये बाभळी होत्या, त्यांच्यावरून तार गेली होती. गाडीरस्ता वळसा घेतो, म्हणून उन्हाळ्यात लोक सरळ नदीच्या कोरड्या पात्रातूनच जातात. आम्हीही तसेच गेलो. पांढरी वाळू, मध्ये मध्ये डबकी, त्यांत म्हशी. हेच पात्र श्रावणात माणसं नेतं हे मनाला पटत नाही.

सोनखेडला टेलिफोन सांभाळणार होता नारायण, सीताबाईचा थोरला भाऊ. शांत शेतकरी, दर वाक्याआधी विचार करायचा. त्यांचे वडील आबा, ऐंशीच्या घरातले, ओट्यावर सावलीला बसायचे. घाटाशी दगडी खांबावर पाण्याच्या खुणा रंगवल्या होत्या, फुटाफुटाच्या. खांबाला सध्या शेळी बांधली होती.

सोनखेडच्या चौदा लेकी भोकरीत दिलेल्या आहेत, हे नारायणनं मला खांब दाखवताना सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं, 'सामाजिक माहिती' या मथळ्याखाली. उपयोग काही केला नाही.

साहेब दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून मी रंगीत तालीम ठरवली. तीही न सांगता. पूर काय सांगून येतो? मामा म्हणाले, "कुसे, एकदा पाटलाले कळवून ठेवू." मी त्यांना नियम सातवा वाचून दाखवला: चाचणीची पूर्वसूचना देऊ नये. त्यांनी जांभई दिली आणि आमरसाचा वास कुठून येतो ते पाहायला गेले.

सकाळी ठीक आठ वाजता मी नारायणच्या हातात चिठ्ठी दिली. त्यानं टेलिफोनची मूठ फिरवली, पलीकडे पाटील आले. नारायण म्हणाला, "राम राम पाटील, कसं काय..." मी बोटानं नियम पहिला दाखवला. तो बिचारा गांगरला. घसा कोरडा झाला. चिठ्ठी वाचली, "सोनखेड बोलतो. नदी आठ फूट. आळी खाली करा." पुढे काही बोलणार तोच मी टेलिफोनचा दांडा त्याच्या हातातून काढून घेतला. नियम नववा: संदेशानंतर तार शांत ठेवावी. ती कोणी अशांत करू नये म्हणून मी तारच पेटीतून सोडवून ठेवली. घड्याळ पाहिलं. संदेशाला एकोणीस सेकंद लागले होते. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी दुसऱ्यांदा आमरस घेतला.

साडेदहाच्या सुमारास नदीकडून आवाज आला. आधी वाटलं वारा. मग नारायण उठून उभा राहिला. पात्रातून बैलगाड्या येत होत्या. एक, दोन, पाच, सात. आणि गाड्यांतून बायकांचं रडणं, गळा काढून, जिवाच्या आकांतानं.

पहिली गाडी थांबायच्या आत सीताबाईनं उडी मारली. पदर सुटलेला, कपाळ कोरं. घामानं कुंकू पुसून गेलं होतं. "आबा ओ! माह्ये आबा!" म्हणून ती घराकडे धावली आणि ओट्यावर बसलेल्या आबांच्या अंगावरच पडली.

आबांनी तिला धरलं. अंगणात रडत शिरणाऱ्या चौदा लेकींकडे त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्याही डोळ्यांना धारा लागल्या. "कोन गेलं वं माय? मले कोनी सांगतच नायी. कोन गेलं?"

सीताबाईनं मान वर करून बापाकडं पाहिलं. "तुमी गेले ना!"

"मी? कधी?"

मग जो गोंधळ झाला तो मला आजही आठवला की पोटात दुखतं. एकीनं आपल्या मायला शोधलं, ती चुलीपाशी सापडली. दुसरीचा काका म्हशी धूत होता. चौदा लेकींनी सगळी म्हातारी माणसं मोजली; एकही कमी नव्हतं. तेव्हा रडणं थांबलं आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

झालं होतं असं. नदी कोरडी ठणठणीत, हे पाटलांना ओसरीवरून दिसत होतं. आणि नारायण आठ फूट पाणी म्हणतो! आवाज घोगरा. राम राम अर्धाच. बहिणीची खुशाली विचारली नाही, कुणाचीच नाही, आणि एकदम ठेवून दिलं. परत मूठ फिरवली तर तिकडून उत्तर नाही. आता तिकडे रीत अशी की मयताची खबर कोणी उघड सांगत नाही. निरोप्या येतो, खुशाली न विचारता भलतंच काही बोलतो, आणि ऐकणाऱ्यानं समजून गाडी जुंपायची. पाटील समजले. त्यांनी सीताबाईला अंगणात बोलावून सांगितलं, "पोरी, तुह्या भावाचा फोन होता. काईतरी नदीबद्दल बोलला. तू जाऊन ये." ती काय समजायचं ते समजली. आणि कोणाचं गेलं ते नक्की नसल्यामुळे चौदाही निघाल्या.

आळी रिकामी झाली होती. नियमाप्रमाणे. फक्त गढीवर जायच्याऐवजी नदीच्या पात्रातून, जिकडून पूर येतो तिकडं तोंड करून, सात मैल.

"बह्याड पोट्टी!" सीताबाई मला म्हणाली. राजापेठेत मला वेडी असं कोणी म्हटलं नव्हतं. "तुले भाऊ हाय का?"

"आहे."

"तो तुले फोन करीन अन् नुसतं 'नदी आठ फूट' म्हनून ठेवून देईन का?"

मी 'संदेश-शिस्त' घडी करून पाठीमागे धरली.

"उद्या साहेब येऊन राहिले. असंच झालं तं तार घेऊन जातीन. तुले काय, तू उमरावतीले जाशीन. मी पुन्हा तुराट्या बांधू का?"

मामा मध्ये पडले. "तीस वर्षं मी तारा वाटल्या," ते म्हणाले. "तार हातात पडली की मानूस पयले रडे, मंग उघडे. थोडक्यात आलेलं बोलनं म्हंजे वाईट. मी हे कुसीले सांगनारच होतो, पन ती नियम वाचून राहिली होती."

त्यावर पहिली हसली ती सीताबाईच. मग आबा. मग हसण्याची लाटच उठली. ध्यानीमनी नसता चौदा लेकी माहेरी आल्या होत्या, त्यांना तसंच कोण जाऊ देणार? आंब्याखाली गोवऱ्या पेटल्या, निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजायला पडले, हंडाभर वांग्याची भाजी झाली. आमच्याकडे माहेरपण म्हणजे पत्रं, मुहूर्त, सासूची परवानगी. इथं एका मूर्ख मुलीच्या घड्याळामुळे चौदा जणींना ते अर्ध्या दिवसात मिळालं. एक म्हातारी माझ्या पानात तिसरा रोडगा ठेवून म्हणाली, "बाई, अशी चूक दर सालाले करत जा."

जेवता जेवता बायकांनीच नवीन शिस्त ठरवली. मी लिहून घेतली, पेन्सिलीनं. आधी म्हणायचं, 'सगळे खुशाल'. मग नदी किती. मग कुठं जायचं. ऐकणारीनं तेच परत म्हणून दाखवायचं. आणि रोज सकाळी एकदा बोलायचंच, पूर असो नसो.

"रोज कशाला? बॅटरी संपेल," मी म्हटलं.

सीताबाई म्हणाली, "रोज बोललं तं आवाजाची ओळख राहीन. ज्या दिवशी फोन नायी आला, त्या दिवशीबी कळंन काई बिघडलं म्हनून. तुह्या बॅटरीले काय, ती बोललं तरी संपते, नायी बोललं तरी संपते."

भौतिकशास्त्राच्या दृष्टीनंही ते बरोबर होतं, हे सांगायला मला लाज वाटते.

राहिला प्रश्न पाटलांचा. टेलिफोन ओसरीवरून गढीच्या वाटेवरच्या शाळेत न्यायचा होता, म्हणजे सुनांना हात लावता येईल. पण पाटलांचा मान? तो मामांनी सोडवला. संध्याकाळी भोकरीत परतल्यावर ते पाटलांना म्हणाले, "टेलिफोन काय, एकाच्या कानात बोलते. भोंगा दोन कोस बोलते. तो कोन्या साध्या मानसाच्या हाती देता येत नायी." पाटलांनी भोंग्याकडे पाहिलं, मूठ एकदा हळूच फिरवली, आणि टेलिफोनचं नावही काढलं नाही.

पुन्हा भोकरी

चौथ्या दिवशी दोन जीपगाड्या आल्या. अमरावतीचे साहेब मामांबरोबर सोनखेडला गेले. अकोल्याचे साहेब आमच्याजवळ भोकरीत, शाळेच्या दारात खुर्ची टाकून, घड्याळ हातात घेऊन. माझं घड्याळ मी मुद्दाम पिशवीत ठेवलं होतं. सीताबाई टेलिफोनपाशी मांडी घालून बसली. पदराचं टोक तिनं घट्ट धरलं होतं.

घंटी वाजली.

"सीते, सगळे खुशाल," नारायणचा आवाज शाळेभर ऐकू आला, इतका तो ओरडला. "नदी आठ फूट. गढीवर जा."

"सगळे खुशाल. नदी आठ फूट. गढीवर जातो," ती म्हणाली. आणि मग, "जेवला का दादा?"

"जेवलो."

साहेबांनी भुवई उंचावली. मी म्हटलं, "नियम आहे." तेरावा. तो मी तेवढ्यात केला.

पाटलांनी भोंगा फिरवला. असा फिरवला की त्यांचा फेटा सुटला, तरी हात थांबेना. आळीतून माणसं निघाली. बैलं आधी सुटली, मग धान्याची पोती, मग पोरं, कोंबड्या, जातं. जातं कशाला, असं साहेबांनी विचारलं तर ते उचलून आणणारी बाई म्हणाली, "चाचनी झाल्यावर दळाचं हाय." सीताबाईच्या सासूला उचलायला चौघे बाज घेऊन गेले, तर ती बाजेवरून उठली आणि काठी टेकत स्वतःच चालू लागली. "यंदा खांदा नोको. साहेबानं पाह्यलं तं म्हातारी गेली म्हनून लिहीन."

बावीस मिनिटांत आळी गढीवर. साहेब वहीत लिहू लागले. मी श्वास सोडला, तोच पुन्हा घंटी वाजली.

सीताबाईनं दांडा कानाला लावला. पलीकडून मोठा, भारदस्त आवाज. "मी साहेब बोलतो. पाणी उतरलं. सर्वांनी खाली घरी जावे."

अमरावतीच्या साहेबांनी नारायणला बाजूला करून टेलिफोन स्वतः घेतला होता. हे आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं. अकोल्याच्या साहेबांनाही नाही, तेही चमकले.

"तुमी कोन साहेब?" सीताबाई.

"अमरावतीचा. ऐकू आलं ना? सगळ्यांना खाली पाठवा."

"नारायनदादाले द्या."

"तो इथे नाही. हा हुकूम आहे."

"तुमी खुशाली विचारली नायी," सीताबाई म्हणाली आणि दांडा पेटीवर ठेवून दिला.

साहेबाच्या तोंडावर टेलिफोन ठेवला! आता तार गेली. अकोल्याचे साहेब खुर्चीतून उठले. "बाई, ते खरोखरचे साहेब होते. त्यांचा हुकूम आहे. माणसं खाली जाऊ द्या."

सीताबाई उभी राहिली. साहेबांसमोर पदर पुढे ओढायची रीत होती, तो तिनं ओढला. पण वाटेतून हलली नाही. "साहेब, मागल्या सालीबी एक जन ओरडत आला, पानी उतरलं, पानी उतरलं. मानसं भांडेकुंडे काढाले खाली गेली. त्याच्या मांगून दुसरं पानी आलं. माह्यी भिंत दुसऱ्या पान्यानं गेली, पयल्यानं नायी. दादा सांगंन तवा उतरू. तवालोक तुमीबी वर बसा, चहा ठेवतो."

साहेबांनी खुर्ची उचलून ती स्वतः गढीच्या वाटेनं दोन पावलं वर ठेवली आणि बसले. थोड्या वेळानं घंटी वाजली; नारायण होता. 'सगळे खुशाल' म्हणून मग त्यानं पाणी उतरल्याचं सांगितलं, आणि हसत हसत सांगितलं की साहेब विचारत आहेत, ही बाई कोण? अकोल्याच्या साहेबांनी तेवढ्यात दांडा मागून घेतला. "सगळे खुशाल," ते म्हणाले. गढीवरून हशा फुटला. "तुमचा हुकूम इथं चालला नाही, साहेब. माझाही नाही. तार राहू द्या." चहा आला. त्यांनी पहिला घोट घेतला, थांबले, आणि छान आहे म्हणाले नाहीत. माझ्यापेक्षा शहाणे होते.

खरं पाणी त्याच श्रावणात आलं. ती हकिकत मी ऐकलेली, पाहिलेली नाही, म्हणून इथं फुगवत नाही. आळी भिजली आणि माणसं, बैलं कोरडी राहिली, एवढं पुरे.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गाव निरोप द्यायला वेशीपर्यंत आलं. सीताबाईच्या सासूनं माझ्या ओंजळीत बिब्ब्याची गोडंबी घातली, पाटलांनी भोंगा एकदा वाजवला, मग सगळे नको म्हणेपर्यंत वाजवत राहिले. फक्त सीताबाई आली नाही. मला वाईट वाटलं. एवढं सगळं झालं आणि साधी भेटायलाही नाही? मी मामांना गाडी थांबवायला सांगितली आणि शाळेकडे गेले.

खिडकीतून तिचा आवाज येत होता. सकाळी आठची तिची बोलायची वेळ झाली होती.

"सगळे खुशाल. नदी कोरडी. हाव, ती गेली ना आत्ताच. हुशार हाय, दादा. पयले थोडी बह्याड वाटते, पन सांगितलं तं आयकते. बाप वकील. लगन नायी झालं अजून." ती थांबली, पलीकडचं ऐकलं. "मंग पाहा ना. ते तुमच्या शाळेतले नवीन मास्तर, त्यायचं झालं का? घरचे कसे हायेत? हुंडा मांगतात का? जाऊन विचार, मी धरून ठेवते."

मी पिशवीतून घड्याळ बाहेर काढलं. आठ वाजून सोळा मिनिटं; आपत्तीची तार सोळा मिनिटं अडून होती. नियम पहिला आणि नियम नववा, दोन्ही एकदम मोडले होते.

"कुसे!" मामा वेशीवरून ओरडले. "चाल वं, गाडी चुकंन!"

"चुकू द्या, दुपारी दुसरी आहे," मी तिथूनच हळू म्हटलं आणि खिडकीखाली छत्री टाकून बसले. नारायण अजून परत आला नव्हता, आणि मास्तर काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.